कोनशिलेची जाडी

मी एक जुनी कोनशिला आहे, मित्रांनो. निदान तिचे उरलेले दोन तुकडे आहे. प्रथम कोरली गेले तेव्हा माझी जाडी पंचवीस मिलिमीटर होती. हा आकडा लक्षात ठेवा. बबनरावांच्या कारकिर्दीची याहून विश्वासार्ह नोंद उपलब्ध नाही.

वणीजवळच्या एका नाल्यावर पूल व्हायचा होता. पलीकडच्या वस्तीतील आशा सेविका प्रभावतीताई अडलेल्या गर्भवतींना खाटेवर घालून, कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडे आणत. बबनराव आमदार झाले आणि त्यांनी पुलाचे भूमिपूजन केले. आर्णीच्या भावसिंगने त्यांचे नाव माझ्यावर कोरले. मला गर्व वाटला, हे कबूल करते. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. त्यानंतर नाल्याकाठी कुदळ पडली नाही.

बबनराव राज्यात मंत्री झाले आणि त्याच पुलाचे पुन्हा भूमिपूजन ठरले. नवी शिला आणली असती, तर शेजारी जुनी तारीख दिसली असती. म्हणून त्यांच्या स्वीय सहायकाने मलाच घासून पुन्हा कोरून घेतले. पाच मिलिमीटर गेले. बबनराव खासदार झाले. आणखी पाच गेले. पक्ष दोनदा बदलला, पूल तोच राहिला. पद जितके वाढे, तितकी मी पातळ होई.

शेवटी ते केंद्रात मंत्री झाले. नाल्याकाठी येऊन भावसिंगने मला बोटांनी चाचपले.

"साहेब, आता घासाल तं फुटन. पापड करून राह्यले तुम्ही हिचा."

"अक्षर मोठं पाहिजे," सहायक म्हणाला. "दिल्लीचं काम आहे आता."

"दिल्लीचं असो का गल्लीचं," प्रभावतीताई म्हणाल्या, "पूल कुठं हाय? मागच्या पोळ्याले मोनाली नाल्यातच बाळंत झाली. लेकरू रडलंच नाही, भाऊ."

सहायकाने घड्याळ पाहिले.

समारंभाच्या दिवशी मला दोन विटांवर आडवे ठेवले होते; मधल्या भागाखाली पोकळी, आणखी पाच गेल्यावर जाडी दहा मिलिमीटर. नारळ फोडायला दगड कोणी आणला नव्हता. मंत्रिमहोदयांनी तो माझ्यावरच आपटला. नारळ शाबूत राहिला. मी दुभंगले. काही लोकांनी हा अपशकुन मानला. तो साधा हिशेब होता.

गाड्या निघून गेल्या. भावसिंग आणि प्रभावतीताईंनी माझे तुकडे उचलून नाल्यातल्या खडकांवर घट्ट बसवले. त्यामुळे उन्हाळ्यात तरी पाय कोरडे राहतात. भावसिंगला वाटले, गुळगुळीत बाजू वर असावी.

"नाही रे बाप्पा," ताई म्हणाल्या. "नाव वरतं ठेव. अक्षरावर पाय घसरत नाही."

मित्रांनो, दगडाची निगा राखा, अशी विनंती मी करणार नाही. शिलेवरचे नाव वाचण्याआधी तिच्यामागे काय उभे आहे ते पाहा, आणि पूल मागत राहा. पावसाळ्यात मी पाण्याखाली असते, आणि खाट अजूनही खांद्यावरूनच जाते. तोवर राज्य व केंद्र मिळून पंधरा वर्षांच्या सेवेचा तपासून पाहता येईल असा उपयोग एकच: पाय घसरत नाही.