एका कानाचा कप

मित्रांनो, देवाने तुम्हाला कान दोन दिले. नको असलेली गोष्ट एका कानाने ऐकावी नि दुसऱ्याने सोडून द्यावी, अशी तुमची छान सोय आहे. माझी तशी सोय नाही. मी एक जुना चहाचा कप आहे, आणि मला कान एकच. आत गेलेले बाहेर जायला वाटच नाही. म्हणून जे जे ऐकले ते सगळे अजून माझ्यापाशी आहे.

माझे पोट साच्यात घडले, कान मात्र हाताने लावला गेला. कारखान्यात आम्हाला कान लावणाऱ्या एक बाई होत्या. ओल्या मातीची वळी दोन बोटांत वाकवायची, टोकांना पातळ मातीचा लेप द्यायचा आणि बाळाच्या अंगठ्याला धरावे तसे हलकेच धरून ठेवायचे, हे त्यांचे काम. शेजारची बाई दिवसभर मुकादमाची उणीदुणी काढत बसायची. ह्या आपल्या ओठातल्या ओठात प्रभूचे गाणे गुणगुणत.

"मी काय सांगतेय तिकडे लक्ष आहे का तुझं?" शेजारीण चिडायची.

"अगं, सकाळपासून कानच तर लावतेय मी!" त्या म्हणायच्या, आणि मग दोघीही हसायच्या.

पुढे भट्टीचा जाळ सोसला, अंगावर झिलई चढली, काठाला निळी रेघ आली. आम्ही सहा भावंडे एका खोक्यातून एका घरी गेलो. त्या घरच्या आई दवाखान्यात परिचारिका होत्या. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी आम्हाला घेतले. नव्या सुनेने आम्हा सहांतून मला उचलले आणि म्हणाली, "हा माझा." माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक. त्याच्यापुढे पाहुण्यांचे "वा, काय सुरेख कप आहेत" म्हणजे काहीच नाही.

सासूबाईंना कामावर लवकर जायचे असे. त्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दोघी बसत. खिडकीतून शेजारच्या छपरावरचा उजेड आत येई. सासूबाई पवित्र शास्त्रातला थोडासा भाग वाचत, सून प्रार्थना करी, मग चहा. त्यानंतरची कुजबुज मला फार आवडे. दूध कालचे आहे का, चादर कधी वाळणार, ह्याला म्हणजे मुलाला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, असलेच काहीतरी. सुनेच्या बोटांची ऊब बाहेरून आणि चहाची आतून. मित्रांनो, कपाला आणखी काय हवे असते?

तळमजल्यावर एक काकू राहत. एकट्याच होत्या. सगळ्या इमारतीच्या बातम्या त्यांच्याकडे आधी पोचत, म्हणून सुनेच्या नवऱ्याने त्यांचे नाव 'बुलेटिनकाकू' ठेवले होते. सासूबाई कामावर गेल्या की त्या जिना चढून येत.

"आई, किती बोलतात हो त्या!" सून पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "बेल वाजली तरी दार उघडूच नये असं वाटतं."

"तसं नको गं. एकटा जीव आहे. चहा दे," सासूबाई म्हणाल्या, "कान मात्र देऊ नकोस."

सून खुदकन हसली. "आपला प्रभू तर सगळ्यांच्याच घरी जेवायला जायचा."

"जायचा की. पण पहाटे उठून एकटा डोंगरावर जाऊन ऐकायचा, ते फक्त स्वर्गातल्या बापाचं. म्हणून तर दिवसभर कुणाच्याही पंगतीला बसला तरी त्याचं काही बिघडलं नाही."

बुलेटिनकाकू वाईट नव्हत्या. चर्चमध्ये दर रविवारी पुढच्या बाकावर बसत. फक्त त्यांची एक लकब होती. कुणाचीही गोष्ट सांगताना आधी म्हणायच्या, "चुगली नाही हं, प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते." ते एक वाक्य म्हटले की पुढचे सगळे जणू धुऊन निघे.

मग एके दिवशी सुनेची आई वारली. माहेराहून परतलेली सून पहिल्यासारखी राहिली नाही. सकाळी तिला अंथरुणातून उठवेना. टेबलापाशी सासूबाई एकट्याच वाचू लागल्या. तरी त्या मला रोज मांडत, समोरच्या बाजूला, रिकामाच. थोडा वेळ वाट पाहत आणि परत ठेवून देत.

त्या दिवसांत बायकांच्या प्रार्थनासभेत त्यांनी सांगितले, "माझी सून सकाळी उठत नाही, कुणाशी बोलत नाही. तिच्यासाठी देवाकडे मागा." रात्री घरी मुलाला हे सांगतानाही त्यांचा गळा दाटून आला होता.

दुसऱ्याच दिवशी बुलेटिनकाकू आमच्या टेबलापाशी होत्या. "चुगली नाही हं. पण तुझ्या सासूनं भर सभेत सांगितलं, सून सकाळी उठत नाही म्हणून. मला बाई कसंतरीच झालं. घरातली गोष्ट अशी चारचौघींत मांडतात का?"

शब्द तेच होते. दाटलेला गळा तेवढा जिन्यात कुठेतरी राहून गेला होता.

त्या दिवशी सुनेने चहा दिला आणि कानही दिला. मग रोजच देऊ लागली. दुःखी माणसाला आपल्या बाजूने कोणी बोलले की बरे वाटते; ते बोलणे खरे आहे का, हे पाहायला त्याच्यात त्राण नसते. हळूहळू सासूबाई दूध तापवताना गप्प असल्या तरी सुनेला त्यात टोमणा ऐकू येऊ लागला. आमच्यातल्या एका भावंडात कोणीतरी खिडकीच्या रंगासाठी टर्पेंटाइन ओतले होते. नंतर राखेने घासले, उन्हात ठेवले, तरी त्याच्यातला चहा कोणाला गोड लागला नाही. सुनेच्या मनाचे तसे होताना मी रोज पाहत होतो आणि मला बोलता येत नव्हते.

अखेर एका सकाळी ती टेबलापाशी आली. वाचायला नाही, विचारायला. "सभेत माझं नाव काढलंत ना तुम्ही?"

"हो, काढलं. अगं, पण ते..."

"बस. कळलं मला."

तिने मला उचलून टेबलावर इतक्या जोरात ठेवले की कानाच्या बुडाशी केसासारखी चीर गेली. महिन्याभरात मुलाच्या कामाचे निमित्त करून दोघे दुसऱ्या गावी राहायला गेले. तडा गेलेल्या कपात गरम चहा ओतत नाहीत. सासूबाईंनी माझ्यात सदऱ्यांची बटणे भरली आणि मला फळीवर ठेवले. बटणे थंड असतात. टेबलापाशी आता एकच कप येई. कधीकधी सासूबाई वाचता वाचता थांबत आणि समोरच्या खुर्चीकडे पाहत राहत. मीही पाही.

सून परत आली तेव्हा तिच्या कडेवर लेक होती. नवरा खाली सामान काढत होता. ती टेबलापाशी बसली आणि चहाला हातही न लावता बोलू लागली.

"आई, मागच्या महिन्यात आमच्या तिकडच्या सभेत मी तुमच्यासाठी मागितलं. म्हटलं, सासूबाई हल्ली फोनवर फारसं बोलत नाहीत, मला काळजी वाटते. तर दुसऱ्या आठवड्यात एक बाई म्हणतात, 'अबोला धरलाय होय सासूनं? खाष्टच दिसते!' मी केवढ्या मायेनं सांगितलं होतं हो! आणि मग..." तिने सासूबाईंकडे पाहिले. "तुम्हीही तसंच सांगितलं होतं ना?"

सासूबाईंनी नातीला तिच्या कडेवरून घेतले. "तुझी आई गेली होती गं. तुला उठवायला माझा हात पुरत नव्हता. म्हणून देवाला म्हटलं, तूच उठव."

मग दोघी रडल्या. बाळ आळीपाळीने दोघींकडे पाहत राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. त्या वेळेला कोण येणार, हे मलाही ठाऊक होते. सासूबाईंचा चेहरा उतरला. सून उठली, क्षणभर दाराशी थांबली आणि मग तिने दार उघडले. बुलेटिनकाकूंना खुर्ची दिली, चहा दिला. काकूंनी पहिला घोट घेतला आणि आवाज खाली आणला. "आलीस ते बरं झालं. चुगली नाही हं, प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते. ते समोरचे शिंपी आहेत ना, त्यांच्या घरात..."

"थांबा काकू," सून म्हणाली. "प्रार्थनेचाच विषय आहे ना? मग आधी प्रार्थना करू. डोळे मिटा."

काकू गोंधळल्या. कप ठेवला, पदर सावरला, डोळे मिटले. स्वयंपाकघरात फक्त बाळाचे बोट चोखणे ऐकू येत होते.

"कुणासाठी मागू, काकू?"

काकूंचे ओठ हलले. शिंप्याचे नाव आले नाही. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझ्यासाठीच माग. घरी भिंतीशी बोलते गं मी."

सुनेने त्यांचा हात धरला आणि मागितले. काय मागितले ते मी सांगणार नाही. ते चारचौघांत सांगण्यासारखे नाही.

मुक्काम संपला आणि सगळी मंडळी गेली. सुनेचे लक्ष फळीकडे गेलेच नाही, आणि तिचा दोष नाही. कडेवर लेकरू असलेल्या बाईला खालचेच पाहून होत नाही. आता सकाळी टेबलावर सासूबाईंचा फोन असतो आणि त्यातून तिचा आवाज येतो. बुलेटिनकाकूही कधी कधी येऊन बसतात, ऐकायला. पण फोनमधला आवाज लांबून येतो, आणि त्याला बोटे नसतात.

मित्रांनो, तुमच्या कानाशी रोज कोण बसते, इकडे जरा लक्ष असू द्या. शेजारी असोत, सोबती असोत की हातातला तो बोलका डबा असो. दार सगळ्यांना उघडा, पाणी विचारा, चहा द्या. पण मनात मुक्काम कोणाचा होऊ द्यायचा, हे आधी प्रभूला विचारा. आणि तुमच्या घरी सकाळी कोणी अजून टेबलापाशी बसून हळू आवाजात वाचत असेल, समोरची खुर्ची रिकामी ठेवून वाट पाहत असेल, तर हे वाचत बसू नका. उठा आणि जाऊन बसा.