डॉक्टरीणबाईंनी हलवलेलं बोट

पेंटरचा उजवा हात तीन महिने मांडीवर नुसता पडून होता. पाटी रंगवताना तो शिडीवरून घसरला, तेव्हा खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ब्रश धरायला गेला तर बोटं ऐकेनात. डोक्याचे, मानेचे सगळे फोटो निघाले. सगळे स्वच्छ. तेव्हापासून पाट्यांचं दुकान एकट्याने ओढणारा त्याचा थोरला भाऊ भेटेल त्याला सांगायचा, "हात ठणठणीत आहे, आळस तेवढा वाढलाय!"

तरी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला घेऊन आला तो दादाच.

बाईंनी घड्याळ, किल्ल्या काढायला लावल्या, अंगात कुठे धातू आहे का, कधी फिट आली होती का, ते विचारलं. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं एक जाड कडं पेंटरच्या डोक्याच्या डाव्या बाजूला धरलं.

टक्!

मांडीवरची तर्जनी टुणकन उडाली.

पेंटर बोटाकडे बघतच राहिला. "पुन्हा करा."

पुन्हा टक्, पुन्हा बोट.

"डोक्यात करंट सोडता का हो?"

"वरून नाही. कड्यात क्षणभर जोरदार चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि विरतं. त्याने मेंदूत आतल्या आत बारीकसा प्रवाह उठतो आणि निरोप नसांमधून हातापर्यंत जातो. म्हणजे वाट मोकळी आहे."

"आणि डावीकडे का धरलंत? हात तर उजवा."

"वाटा खाली उतरताना बाजू बदलतात."

पेंटर आणखी काही विचारणार, तोच दादा उसळला. "वाट मोकळी आहे ना? मग तीन महिने हे सोंगच की!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बसा बरं इथे." त्यालाही तेच प्रश्न विचारून कडं त्याच्या डोक्याला लावलं. "आता काही झालं तरी बोट हलू द्यायचं नाही."

दादाने दात आवळून धरले. टक्! बोट उडालंच.

"तुम्ही हलवलंत?"

"छे हो!"

"बोट तुमचं, पण हलणं तुमच्या हातात नव्हतं. यांचं न हलणंही यांच्या हातात नाही. यांची इच्छा वाटेला लागतच नाहीये. का, ते मलाही पुरतं ठाऊक नाही. पण असं होतं, आणि सुधारतंही."

घरी जाताना दादा म्हणाला, "मी गावभर सांगत सुटलो. चुकलंच माझं."

"ते असू दे," पेंटर म्हणाला, "पण तुझं बोट माझ्यापेक्षा उंच उडालं. तुझी कवटी पातळ असेल का?"

दादाला हसू आवरेना.

मग आठवड्यातून तीनदा फेऱ्या सुरू झाल्या. टक् होताना पेंटरने मनातही बोट उचलायचं, असा सराव. पाचव्या आठवड्यात बाई कडं नीट धरत होत्या, बटण दाबायचं बाकी होतं, आणि तर्जनी जराशी वाकली.

"दाबलंत?"

"नाही."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. तिसऱ्यांदा वाकली. पेंटरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून प्रश्नच निघाला, "बाई, आत्ता काय वेगळं केलं मी?"

"ते तुम्हीच मला सांगा," बाई म्हणाल्या आणि वही पुढे ओढली.

आता तो जाड अक्षरांच्या पाट्या रंगवतो. बारीक रेघा अजून दादाकडे आहेत.