एका कादंबरीचे दोन शेवट

धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याच वर्षी टॉकीजला तो सिनेमा दुसऱ्यांदा लागला. गोष्ट तीच, जुन्या गाजलेल्या कादंबरीची; सिनेमा मात्र नवा, रंगीत. पहिला काळापांढरा होता आणि थोरली पाळण्यात असताना येऊन गेला होता. दोन्ही वेळा दारावरचा माणूस एकच. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत पोचवायचं काम करता करता त्यांचं नाव बॅटरीमामा पडलं, आणि मग बायकोलाही सगळे मामीच म्हणायला लागले.

त्या रविवारी सकाळी मामा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. खिशात मॅटिनीचे दोन पास होते आणि ते बाहेर काढायचा धीर होत नव्हता.

"अहो, बसा की जरा. भोवऱ्यासारखे काय फिरताय? मलाच गरगरायला लागलं," मामी भाजी निवडत म्हणाल्या.

"बसलो की पाय आखडतात."

"जन्मभर उभं राहून खुर्चीशी वैरच धरलंय तुम्ही."

त्यांची धाकटी मुलगी खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. टेलिफोनच्या कचेरीत ती कामाला होती. लग्न मुलाच्या घरच्यांनी मोडलं. पण मुलगा जाता जाता सांगून गेला, थोडं थांब, मी त्यांना समजावतो. त्या 'थोडं'ला आता आठ महिने होत आले होते. अशात तिला बढती मिळाली, पण दूरच्या शहरात. होय की नाही ते उद्या, सोमवारी, साहेबाला सांगायचं होतं. काय ठरवलंस म्हणून विचारलं की ती म्हणे, "बघू." पोस्टमन गल्लीत शिरला की तिचे हात जिथल्या तिथे थांबत.

तिनं जावं असं मामांना वाटत होतं. तिनं थांबावं असं मामींना वाटत होतं. पोरीसमोर हे बोलायची दोघांचीही छाती नव्हती. म्हणून आठवडाभर दोघं सिनेमावरून भांडत होते.

"नव्यात म्हणे घराला कुलूप!" मामींनी आजही सुरुवात केली. "कादंबरीची पार वाट लावली मेल्यांनी. पहिला सिनेमा होता तो सिनेमा. तो बोटीवरून सात वर्षांनी परत येतो, दार वाजवतो, ती दार उघडते. दोघांचे केस पिकलेले. बोलत काहीच नाहीत, नुसते हसतात. अख्खं थिएटर रडत होतं."

"पण कादंबरीत काय आहे?" मामांनी विचारलं. कादंबरी घरात एकट्या मामींनीच वाचलेली होती, तीही लग्नाआधी.

"कादंबरीत तो दार वाजवतो. संपलं."

"संपलं कसं? ती दार उघडते की नाही?"

"ते लिहिलेलं नाही. पण उघडणारच की! सात वर्षं काय गंमत म्हणून थांबली ती?"

"आत असेल तर उघडेल ना. नसेलच घरात."

"कुठे जाईल?"

"का? तिला काय पाय नाहीत?"

धाकटीनं हातातली घडी खाली ठेवली. "तुम्ही दोघं सिनेमाबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

मामी भाजीत बघायला लागल्या. मामांनी खिसा चाचपला. "सिनेमाबद्दलच," ते म्हणाले आणि पास काढून तिच्यापुढे धरले. "आईला घेऊन ये आज."

खरं म्हणजे मामांनी दोन्हींपैकी एकाचाही शेवट धड पाहिलेला नव्हता. शेवटचं संगीत चढायला लागलं की त्यांना बाजूच्या दरवाजांकडे पळावं लागे. जाड पडदे सारायचे, कड्या काढायच्या, पायऱ्यांवरचा दिवा लावायचा. पडद्यावर काय होतं ते त्यांना कानानं कळे, आणि बाकीचं बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरून. तिकीट खिडकीवरचा त्यांना चिडवायचा, "मामा, तुमचं जेवण आयुष्यभर नुसत्या वासावर!" पण तोंडं वाचायला मामा चुकत नसत. पहिल्या सिनेमाला बायका डोळे पुसत बाहेर यायच्या आणि पायरीवर नवऱ्याचा हात धरायच्या. नव्या सिनेमाला पुरुष कुरकुरत यायचे, "हा काय शेवट झाला?" बायका काही बोलत नसत. पण पायऱ्या मात्र भराभर उतरत, आणि त्यातल्या कितीतरी दोन दिवसांनी मैत्रिणीला घेऊन परत येत. मामांना वाटलं, धाकटीही अशीच पायऱ्या उतरेल. आपल्याला जे बोलता येत नाही ते सिनेमा बोलून टाकेल.

मॅटिनीला दोघी आल्या. मामांनी त्यांना मधल्या रांगेत कडेला बसवलं आणि दाराशी जाऊन उभे राहिले. उभं कसलं राहतात! मध्यंतरापर्यंत चार वेळा त्या रांगेपर्यंत जाऊन आले. एकदा उशिरा आलेल्या माणसाला खुर्ची दाखवायच्या नादात बॅटरीचा झोत सरळ धाकटीच्याच तोंडावर गेला.

"अहो मामा, डोळे फोडता काय!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्या झोतात त्यांना दिसलं ते एवढंच, की पोरगी रडत नव्हती आणि हसतही नव्हती. कचेरीत कुणाचं तरी चुकीचं काम तपासताना बसावं तशी ती बसली होती.

संगीत चढलं. मामा पळाले. कड्या निघाल्या, उजेड आत घुसला. पहिल्याच लोंढ्यात मामी होत्या, नाक लाल झालेलं.

"बघितला तुमचा सिनेमा," त्या म्हणाल्या. "कुलपाकडे बघत उभा राहिला बिचारा. काय मिळतं असं दाखवून?"

"धाकटी कुठाय?"

"आत. उठायलाच तयार नाही. तुम्हीच आणा आता."

हॉल रिकामा झाला होता. झाडूवाली पुढच्या रांगेपासून खुर्च्या उचलत येत होती. धाकटी जागेवर होती. मामा रांगेच्या तोंडाशी उभे राहिले.

"कसा वाटला?"

"बाबा, दोन्ही सिनेमे सारखेच आहेत."

मामांना हे अपेक्षित नव्हतं. "सारखे कसे? पहिल्यात दार उघडतं, यात..."

"उघडलं काय, नाही उघडलं काय. आईनं पहिला शंभरदा सांगितलाय मला. दोन्हीत आपण त्याच्याबरोबर बाहेर उभे. ती कुलूप लावून गेली ना? मग कुठे गेली? तिथे खोली मिळाली का? रात्री एकटीला भीती वाटली का? ते दाखवा की. ते कुणीच दाखवत नाही, आणि मला तर तेवढंच बघायचं होतं."

मामांच्या हातातली बॅटरी उगीचच लागत होती, विझत होती. शेवटी ते शेजारच्या खुर्चीत बसले.

"मग तू काय ठरवलंस?"

"तुम्हाला काय वाटतं ते आधी सांगा. पास काय देता मला?"

"मला वाटतं," मामा म्हणाले, "तू जावंस. तो आला तरी आणि नाही आला तरी."

"आणि आई? थोरली आपल्या संसारात. तुम्ही तीन खेळ इथे. ती बोलणार कुणाशी?"

"मी समजावीन तिला."

"तुम्ही काय समजावणार! तिच्याजवळ दोन मिनिटं बसत नाही तुम्ही." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

झाडूवाली त्यांच्या रांगेपर्यंत आली. "मामा, पाय वर घ्या," ती म्हणाली. बापलेकींनी पाय वर घेतले.

सोमवारी धाकटीनं होय सांगितलं. मामींनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी नवं अंथरूण शिवायला घेतलं. गाडी सुटताना त्या एवढंच म्हणाल्या, "खोली मिळाली की फोन कर. वरचा मजला बघ."

पावसाळा संपता संपता तो मुलगा आला. मामांनी दार उघडलं. तो वाळला होता, हातात पिशवी होती. घरचे तयार झालेत म्हणाला.

"ती इथे नसते," मामा म्हणाले. ते दारातच या पायावरून त्या पायावर होत राहिले.

मामी बाहेर आल्या. मुलाला आत बसवलं, पाणी दिलं. त्यानं पत्ता मागितला.

"पत्ता तिचा आहे," मामी म्हणाल्या. "तिला विचारते. हो म्हणाली तर कळवीन. इथे बसून वाट बघू नकोस."

तो गेला. मामा बायकोकडे बघतच राहिले. "अगं, तूच ना म्हणायचीस, थांबायला हवं?"

"म्हणायचे. वाटलं होतं, तो दारात आला की माझे डोळे भरून येतील." त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "चहा टाकायचासुद्धा कंटाळा आला हो."

फोनवर धाकटी नाही म्हणाली. मामींनी तसं त्याला कळवलं आणि तिथेच तो विषय मिटला. त्या सिनेमावरूनही घरात पुन्हा भांडण झालं नाही.

मामी त्यानंतर दुसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, एका गुरुवारी दुपारी वारल्या. धाकटी शुक्रवारी संध्याकाळी पोचली, तोवर सगळं उरकलं होतं.