शेवटचं प्रकरण

ज्योत्स्नाने पुस्तक उघडले आणि लगेच मिटले. समोरच्या खुर्चीत आप्पासाहेब बसले होते.

“ही कादंबरी मी नांदेडला कॉलेजात उभी हयात शिकवली,” ते म्हणाले. “तोंडपाठ हाय मला. वाचा, वाचा.”

ज्योत्स्नाने मिटलेल्या पुस्तकावर हात दाबून धरला.

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि बापूसाहेबांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. बापूसाहेब म्हणजे गणिताचे जुने हेडमास्तर. काचबिंदूने डोळे गेल्यावर त्यांना दिवंगत बायकोची आवडती कादंबरी ऐकायची हुक्की आली. संध्याकाळच्या बॅचआधी ज्योत्स्ना रोज वाचू लागली. त्यांची मुलगी मालविका शेजारी शेंगा सोलत बसायची. दोघींचा एकमेकींवर जीव जडला होता, पण ते बोलायला त्या घरात जागा नव्हती. मग ज्योत्स्नाने वाचता वाचता कादंबरीतल्या डॉक्टरलाच बाई करून टाकले. नायिका रमा डॉक्टरीणबाईची वाट पाहू लागली, तिच्यासाठी झुरू लागली, आणि बापूसाहेब मान डोलवत राहिले. जन्मात कादंबरी न वाचलेल्या माणसाला काय कळणार! चोरी पचली की चटक लागते म्हणतात, ते काही खोटे नाही.

आज मात्र चोरी अंगावर आली होती. आप्पासाहेब पुतण्या वरदचे स्थळ मालविकेसाठी घेऊन आले होते. बोलणी जमत आली, चहा आला, आणि बापूसाहेबांना नेमके शेवटचे प्रकरण आठवले.

छापील तसे वाचावे, तर बापूसाहेब विचारणार, हा बाप्या कुठून उगवला? आपले वाचावे, तर आप्पासाहेब दुसऱ्याच वाक्याला हटकणार. आपली खोली गेली तर जाऊ दे, पण मालविकेचे हे लोक काय करतील? भीतीने ज्योत्स्नाला अक्षरे दिसेनात.

“आवाज बसलाय, काका. उद्या वाचू?”

“उद्या कशाला?” बापूसाहेब म्हणाले. “मालविका, तू वाच.”

मालविकेने ओढणीला हात पुसून पुस्तक घेतले. आहे तसेच वाच, असे ज्योत्स्ना डोळ्यांनी विनवत राहिली. पानावर रमेचे डॉक्टरशी लग्न लागत होते. मालविकेने तिकडे पाहिलेच नाही.

“‘रमा मांडवातून उठली,’” ती म्हणाली, “‘आणि डॉक्टरीणबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, मला घरात घ्या. मी परत जायला आलेली नाही.’”

आप्पासाहेबांचा कप बशीत खणकन वाजला.

“हे काय लावलंय? पुस्तकात असं काही न्हाई, बापूसाहेब! डॉक्टर पुरुष हाय. अन् रमा त्याच्यासंगं लग्न करती.”

लहानपणी भूकंपाने जळकोटचे घर हलले, तेव्हाही ज्योत्स्ना इतकी भ्याली नव्हती. तेव्हा निदान बाहेर पळता आले होते.

बापूसाहेबांनी मालविकेच्या दिशेने तोंड वळवले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि हात काठी चाचपत होता. काठी सापडली, तरी ते उठले नाहीत.

“आप्पासाहेब,” ते सावकाश म्हणाले, “तुमच्याकडची आवृत्ती जुनी असंल.”

मग त्यांनी अंदाजाने मान दुसरीकडे वळवली.

“पुढचं तू सांग, ज्योत्स्ना. घेतलं का न्हाई तिला घरात?”