पुसलेला आवाज

"बिघडलेल्या डिस्कवर आधी लिहिणं बंद करायचं. मग नुसतं वाचायचं. आणि सापडेल ते मालकाला तोंडावर सांगायचं, गोड करून नाही."

काम शिकवणारे मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी डिस्क हातात घेतली की चाचणीवालीच्या कानात ते असे बोलायचे. कंपनी घरगुती रेकॉर्डिंगच्या पेट्या बनवायची. पेटीत हार्ड डिस्क, आणि डिस्कवर कुठे काय लिहायचं ते ठरवणारा ड्रायव्हर. तो साहेबांनी स्वतः लिहिलेला, तपासून पास केलेला हिने.

समोर तक्रार घेऊन आलेल्या काकू बसल्या होत्या, पेटी मांडीवर घेऊन.

"यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा महिनाभर यांनी रोज मला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ती तीस रेकॉर्डिंगं. मग आवाज गेला. तेव्हापासून चार वर्षं मी वाचते आणि तेही साठवते, दुपारी हे ऐकत पडतात. पण हल्ली यांचं लावलं की मध्येच माझा आवाज येतो हो."

साहेब खुर्चीत रेलले. "काकू, संसारात तरी वेगळं काय झालं? काका बोलायला लागले की मध्ये तुम्हीच!"

आजूबाजूच्या टेबलांवर खसखस पिकली. काकूही हसल्या, चारचौघांत हसावं लागतं तसं. मग हिच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पोरी, काय असेल ते खरं सांगशील ना? हे रोज पाटीवर लिहून विचारतात. मी काय उत्तर देऊ?"

"सांगेन, काकू. उद्या संध्याकाळी घरी येऊन सांगेन."

तिने काकूंच्या डिस्कवर लिहिणं बंद केलं. दुसरी तेवढीच मोठी, कोरी डिस्क घेतली आणि डिस्कवर साठवणीचे जे क्रमवार खण असतात, त्या प्रत्येकात ड्रायव्हरला त्या खणाचाच आकडा लिहायला लावला. भरायलाच दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मग पहिला खण वाचला. तिथे 'एक' हा आकडा हवा होता. होता चारशे एकोणतीस कोटींच्या पुढचा आकडा.

ड्रायव्हरचं मोजमाप तिथे संपत होतं. मीटर फिरून शून्यावर यावा तसा तो पुन्हा सुरुवातीला जायचा आणि नवं लिहायचा ते सगळ्यात जुन्यावर. रेकॉर्डिंगच्या नावांची यादी वेगळ्या जागी, म्हणून नावं जागच्या जागी. आतून काका पुसले जात होते.

तिने कपाटातून चाचणीचा जुना कागद काढला. 'डिस्क पूर्ण भरून पाहिली: होय.' खाली तिची सही. भरली होती ती लहान डिस्क. मोठीला वेळ लागतो म्हणून सगळेच लहान भरायचे आणि 'होय' लिहायचे.

मग तिने काकूंच्या तक्रारीची नोंद पाहिली. पहिला फोन आला तेव्हा चार रेकॉर्डिंगं गेली होती. साहेबांनी सांगितलं होतं, "रेकॉर्डिंग चालू ठेवा, आपोआप सुरळीत होईल." काकूंनी चालू ठेवलं, एक दिवस न चुकता. आता तिसांपैकी एक उरलं होतं, शेवटचं.

"लिहून टाक, ग्राहकाने पेटी पाडली," साहेब म्हणाले.

"पाडलेली नाही, साहेब."

"मग तुझी सही मोठ्याने वाचून दाखवू सगळ्यांना? नोकरी जाईल तुझी, माझी नाही." ते जरा पुढे झुकले. "आणि त्या बाईचा तरी विचार कर. पेटी पडली म्हटलं की संपलं. खरं काय सांगणार आहेस? तुम्ही रोज नवऱ्याजवळ बसून जेवढं वाचलंत, तेवढं त्याला पुसलंत, हे?"

साहेबांच्या तोंडून निघालं म्हणून ते खोटं होत नव्हतं.

जागेवर जाऊन तिने अहवाल लिहिला. चूक ड्रायव्हरची, चाचणीची खोटी नोंद माझी, ग्राहकाची काही नाही. सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

उरलेलं रेकॉर्डिंग तिने आणखी एका कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. उतरलं की नाही ते पाहायला कानाला लावलं. काका हवामानाची बातमी वाचत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, "ऐकतेस ना गं? का झोपलीस?"

पुढे काकूंचं हसू होतं. तिने पूर्ण ऐकलं.

संध्याकाळ झाली होती. तिने काकूंची डिस्क आणि ही नवी, दोन्ही रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवल्या, चपला पायात सरकवल्या आणि कुणालाही न सांगता जिना उतरू लागली.