वरचं की खालचं

रिसॉर्ट दोन होती. वरचं डोंगराच्या पार डोक्यावर, तिथले उतार भिंतीसारखे उभे. खालचं पायथ्याशी, तिथे नवशिके आणि लहान पोरं बर्फात लोळायची. दोन्हीकडे खोल्या धरून ठेवल्या होत्या आणि आज संध्याकाळच्या आत एक सोडायची होती. एवढीशी बाब. पण शिवणयंत्रापुढे बसलेल्या मास्तरीणबाईंचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

मास्तरीणबाई म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरांनी अख्खी हयात तलावावर पोहायला शिकवण्यात घालवली, आणि बाईंना गुडघाभर पाण्याचीही भीती. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई कपडे शिवायच्या. गेल्या महिन्यात दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मास्तरांचं हृदय थकलंय, उंचावरची विरळ हवा त्याला सोसणार नाही, तिथे काही झालं तर खाली आणेपर्यंत उशीर होईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. परत येताना मास्तरांनी बायकोला शपथ घातली की लेकीला यातलं अक्षर कळता कामा नये. लेक लांब नोकरीला. वर्षातून एकदा, थंडीत, स्कीइंगसाठी म्हणून घरी यायची. तिला तिसऱ्या वर्षी बर्फावर उभं केलं ते मास्तरांनीच.

आता लेक आल्यापासून वरच्याचाच जप करत होती. मास्तर प्रत्येक वेळी मान डोलवत होते, आणि बाई मूग गिळून गप्प. बोलावं तर शपथ मोडते, न बोलावं तर नवरा जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

या घरात दोघांचं जमलं नाही की बटणं टाकायची रीत होती. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी पडद्याच्या रंगावरून चार दिवस अबोला झाला, तेव्हा बाईंनीच ती काढली. तिघांनी एकेक बटण मुठीत घेऊन डब्यात टाकायचं आणि जास्त निघेल ते मुकाट मान्य करायचं. कोणी काय टाकलं, का टाकलं, हे विचारायचं नाही. भांडण मिटवायला फार सोयीची रीत, पण घरातली माणसं एकमेकांना कारण विचारायचंच विसरून गेली, हा तोटा कोणाच्या ध्यानात आला नाही.

जेवणं उरकल्यावर डबा टेबलावर आला. काळं म्हणजे वरचं, पांढरं म्हणजे खालचं. बाईंनी पांढरं टाकलं. मास्तर काळं टाकणार, लेक काळं टाकणार, हे त्यांना दिसतच होतं. डबाही त्यांनीच उपडा केला.

एक काळं, दोन पांढरी.

लेक म्हणाली, ठरलं तर, आणि फोन घेऊन खालच्या रिसॉर्टशी बोलायला आतल्या खोलीत गेली. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. देवच पावला, माणसाला अखेर शहाणपण सुचलं, असं म्हणत त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि पांढरं टाकल्याबद्दल त्यांचे आभार मानले.

मास्तरांनी हात सोडवून घेतला. "मी काळंच टाकलं."

क्षणभर बाईंना काही कळेना. मग कळलं, की दुसरं पांढरं लेकीचं होतं, आणि त्याआधीच ते मास्तरांना कळलं होतं. तू तिला सांगितलंस, म्हणजे शपथ गेली चुलीत, असं ते दबक्या आवाजात कडाडले. बाईंनी गळ्याला हात लावून नाही म्हटलं. ऐकतो कोण! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा हा माणूस. मी काही आजारी नाही, आत्ता दाखवतो, म्हणत ते शिडी लावून माळ्यावरची स्कीची जड पेटी काढायला चढले. बाई शिडी धरून विनवत राहिल्या. पेटी अर्धी बाहेर आली आणि मास्तरांचा श्वास अडकला. ओठ पांढरे पडले. ते वरच थांबले, डोळे मिटून, शिडीला कवटाळून.

आवाज ऐकून लेक धावत आली. दोन पायऱ्या चढून तिने बापाचा एकेक पाय धरून खालच्या पायरीवर ठेवला, आणि दोघींनी त्यांना खाली आणून खुर्चीत बसवलं. बाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं!

मास्तरांचा श्वास जागेवर आल्यावर लेक म्हणाली, "मला आईने काही सांगितलं नाही. मागच्या वर्षी दर वळणाला थांबून तुम्ही मला देखावे दाखवत होतात. तुम्हाला देखाव्यांचं कधीपासून पडलंय, बाबा?"

मास्तरांनी गोळ्यांची बाटली उचलून खिशात टाकली.

"वर्षभर वाट बघितली, आज सांगाल, उद्या सांगाल. मुद्दाम वरचं वरचं करत होते, एकदा तरी नको म्हणाल म्हणून. मी परकी आहे का तुम्हाला?"

बाईंना वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. पण मास्तर बसून राहिले. जमिनीकडे बघत ते बोलले, "खालच्या उतारावर मी तुला काय शिकवणार? आणि शिकवायला काही नसलं, तर तू कशाला येशील?"

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बाबा, मला स्कीइंग आवडत नाही. कधीच आवडलं नाही. पाय गारठून दुखतात माझे."

"मग इतकी वर्षं?"

"वर जाताना तारेवरच्या लिफ्टच्या खुर्चीत आपण दोघंच असायचो. तेवढ्या वेळात तुम्ही माझ्याशी बोलायचात. घरी कुठे बोलता?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. माळ्यावर पेटी तशीच अर्धी लोंबकळत होती, ती ढकलायचं कोणाला सुचलं नाही. तलावावर साऱ्या पोरांना दरडावणाऱ्या माणसाचा आवाज आज अगदी हळू निघाला.

"खाली लिफ्ट आहे का?" मास्तरांनी विचारलं.

लेकीने नाक पुसलं. आत्ताच फोनवर विचारलं होतं तिने. "आहे. लहानशी. पण फार हळू चालते म्हणे."

"चालू दे हळू," मास्तर म्हणाले.