चार पहाडांमधल्या एकाचं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं, पिवळं हेल्मेट आहे. ओहायोतल्या पोलादाच्या गावात, एका गॅरेजमधल्या खिळ्यावर लटकतो. माझ्या आत आता डोकं नाही, तरी आतला घुमारा थांबलेला नाही.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, आत पट्टे बसवले, पुढे लोखंडी जाळी लावली. मग मी ल्यूशस टार्वरच्या डोक्यावर चढलो. केवढं डोकं ते! त्यात लुइझियानातली उसाची शेतं होती, आईची गाणी होती, एर्लीनशी लग्न झालं तो दिवस होता. सगळं मला ऐकू यायचं.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, आणि ल्यूशस बचावाच्या रांगेत. शेजारी कॅझिमिर, पलीकडे एमस आणि व्हर्लिन. हे चौघे जमिनीला हात टेकून वाकले, की चेंडू घेऊन कुणी पुढे जात नसे. गाव त्यांना ‘चार पहाड’ म्हणे. रविवारी भट्टीवरचे मजूर डबे बडवून गात,

चार पहाड, चार पहाड,
सांगा कोण जाईल पल्याड?

धडकेत समोरच्या हेल्मेटचा रंग माझ्यावर उमटे. लाल, निळा, हिरवा. ते ओरखडे कुणी पुसत नसे. तीच आमची पदकं. पण प्रत्येक रंगाबरोबर आत काहीतरी हललेलं असे, ते फक्त मला कळे.

कुणाला गरगरलं, की औषधपेटीवाला ह्यूबर बोटं दाखवून विचारी, "किती?" तो नेहमी दोनच बोटं दाखवी. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

अंतिम सामन्याच्या सकाळी एर्लीन म्हणाली, "काल तू माझ्या बहिणीचं नाव विसरलास, ल्यूशस. आजच्या दिवस बस ना."

"आणि माझ्या जागी तुझा मक्याचा पाव उभा करू?" तो हसला. "अगं, चौघांतला एक हलला तर खिंडार पडेल."

सामना अर्ध्यावर आला आणि एक गुडघा माझ्यावर आदळला. आतली उसाची शेतं एकदम विझली. ह्यूबर धावत आला. ल्यूशसला त्याचा हातसुद्धा दिसत नव्हता.

"किती?"

"दोन म्हण, लेका, दोन!" कॅझिमिर कुजबुजला.

"दोन."

"शाबास! ऊठ, पहाडा."

मी जीव तोडून ओरडलो. पण मला तोंड कुठलं?

सामना जिंकला. लोकांनी चौघांना खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून आतलं एकेक गाणं निघून जाऊ लागलं.

आज तिघे पहाड मातीखाली आहेत. ल्यूशस रोज दुपारी गॅरेजात येतो, मला पोटाशी धरतो, भिंतीसमोर वाकतो. "कॅझ, खांदा खाली! व्हर्लिन, झोपलास काय रे?" आणि मित्रांनो, त्या भिंतीपाशी मला तिघांचे श्वास खरंच ऐकू येतात.

परवा एर्लीन दारात आली. "चल, जेवून घे. सामना संपला. जिंकलात तुम्ही."

"जिंकलो?" तो सरळ उभा राहिला. तिच्याकडे फार अदबीनं पाहत म्हणाला, "उपकार झाले, बाई. पण मला निघायला हवं. घरी एर्लीन खोळंबली असेल."

"हो," ती म्हणाली. "खोळंबलीय ती."

मित्रांनो, खेळताना कुणी म्हणालं की डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर त्याला हाताला धरून बाकावर बसवा. सामना हरला तर हरू द्या. त्याला त्याचं घर ओळखू येऊ द्या.